खानोलकर, वसंत रामजी

(१३ एप्रिल १८९५ – २९ ऑक्टोबर १९७८). भारतीय विकृतिवैज्ञानिक व वैद्यकीय संशोधक. कर्करोग, मानवी रक्तगट आणि कुष्ठरोग या तीन विषयांतील संशोधनाबद्दल ते विशेष प्रसिद्ध आहेत. भारतातील विकृतिविज्ञानाचे (रोगामुळे शरीराच्या रचनेत व कार्यात होणाऱ्या बदलांच्या अभ्यासाचे) आणि आधुनिक वैद्यकीय संशोधनाचे जनक असा त्यांचा गौरवाने उल्लेख केला जातो. कुष्ठरोगाचा आरंभ त्वचेपेक्षा तंत्रिकेत (मज्जातंतूत) शोधला पाहिजे, हे त्यांनी ऊतकांच्या (समान रचना व कार्य असलेल्या कोशिकांच्या म्हणजे पेशींच्या समूहांच्या) सूक्ष्मदर्शकीय परीक्षणावरून प्रतिपादिले. त्यांनी उभारलेल्या प्रयोगशाळेतूनच पुढे कुष्ठरोगप्रतिबंधक लशीचा एक महत्त्वाचा भारतीय प्रयत्न निर्माण झाला.

शिक्षण व कार्य : खानोलकरांनी लंडन विद्यापीठात वैद्यकाचे उच्च शिक्षण घेतले व १९२३ मध्ये विकृतिविज्ञान विषयातील एम्. डी. ही पदवी मिळविली. भारतात परतल्यावर त्यांनी मुंबईच्या ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयात व नंतर सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात विकृतिविज्ञानाचे अध्यापन केले. त्या काळी भारतीय वैद्यकीय महाविद्यालयांत विकृतिविज्ञान हा मुख्यतः परीक्षेपुरता शिकविला जाणारा विषय होता. शवपरीक्षा, जीवोतक परीक्षा (जिवंत रोग्याच्या शरीरातून काढलेल्या ऊतकाची तपासणी) आणि रुग्णालयातील नोंदी यांची सांगड घालून त्यातून नवे ज्ञान मिळविण्याची प्रथा फारशी रूढ नव्हती. ही सांगड घालण्याचे काम खानोलकरांनी आयुष्यभर केले.

मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले. त्याच्या प्रयोगशाळांचे संचालक म्हणून खानोलकरांची नियुक्ती झाली. १९५२ साली केंद्र शासनाच्या आरोग्य मंत्रालयाने परळ येथे भारतीय कर्करोग संशोधन केंद्राची स्थापना केली व त्याचे पहिले संचालकपद त्यांच्याकडे आले. टाटा स्मारक रुग्णालय व हे केंद्र या दोन्ही संस्था १९६२ मध्ये अणुऊर्जा खात्याकडे सोपविण्यात आल्या आणि १९६६ मध्ये त्यांचे एकत्रीकरण होऊन टाटा स्मारक केंद्र अस्तित्वात आले. संशोधन केंद्रास पुढे कर्करोग संशोधन संस्था असे नाव मिळाले. एकविसाव्या शतकाच्या आरंभी तिचे कार्य नवी मुंबईतील खारघर येथे हलविण्यात आले. तेथील एका इमारतीस ‘खानोलकर शोधिका’ असे नाव देण्यात आले आहे.

कर्करोग व रक्तगट : कर्करोगाच्या बाबतीत लोकांच्या सवयी व राहणी यांचा रोगाशी असलेला संबंध हा त्यांच्या अभ्यासाचा मुख्य विषय होता. मुंबईतील मुखकर्करोगाच्या १,००० रुग्णांचा आढावा त्यांनी १९४४ मध्ये प्रसिद्ध केला. धोतराची गाठ कंबरेवर वर्षानुवर्षे घासल्याने त्या जागी होणारा त्वचेचा कर्करोग, तसेच चुट्ट्याचे जळते टोक तोंडात ठेवून धूम्रपान करण्याच्या आंध्र किनाऱ्यावरील प्रथेमुळे टाळूला होणारा कर्करोग यांची वर्णने त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४५ मध्ये केली. ल. ध. संघवी यांच्या समवेत त्यांनी मुंबईतील सहा अंतर्विवाही गटांतील सात आनुवंशिक लक्षणांची पाहणी १९४९ मध्ये प्रकाशित केली. भारतीय समाजाच्या आनुवंशिकीय अभ्यासातील हे आरंभीचे एक महत्त्वाचे काम होय. एकच रोग निरनिराळ्या माणसांत निरनिराळे रूप का घेतो, हा प्रश्न या सर्व कामांत दिसतो. कुष्ठरोगात तोच प्रश्न अधिक तीव्रतेने त्यांच्यापुढे आला.

कुष्ठरोगाची पूर्वपीठिका : नॉर्वेजियन वैद्य गेरहार्ट आरमौअर हान्सेन यांनी १८७३ मध्ये कुष्ठरोगाचा जंतू (मायकोबॅक्टिरियम लेप्री) शोधून काढला. मानवी रोगाचे कारण म्हणून ओळखल्या गेलेल्या अगदी पहिल्या जंतूंपैकी तो एक असूनही त्याविषयीचे ज्ञान फार सावकाश वाढले. याची दोन कारणे होती. एक तर हा जंतू कृत्रिम संवर्धन माध्यमात वाढत नाही. दुसरे असे की, त्याची वाढ अत्यंत मंद असते. एका जंतूचे दोन होण्यास सु. १२ ते १४ दिवस लागतात. क्षयरोगाच्या जंतूला यासाठी एक दिवसही पुरतो.

रोगाच्या स्वरूपातील विविधता हे दुसरे कोडे होते. काही रुग्णांच्या अंगावर एकदोनच कोरडे, बधिर चट्टे असतात व त्यांच्या ऊतकात जंतू शोधूनही सापडत नाहीत. हा ट्यूबरक्युलॉइड प्रकार होय. याउलट लेप्रोमॅटस प्रकारात त्वचा जाड होते, चेहऱ्यावर व कानाच्या पाळ्यांवर गाठी येतात आणि ऊतकात जंतूंचे पुंजके दिसतात. जपानी वैद्य मित्सुदा केन्सुके यांनी कुष्ठग्रंथीपासून तयार केलेल्या लेप्रोमीन या द्रव्याचे त्वचेत अंतःक्षेपण करून असे दाखविले की, पहिल्या प्रकारच्या रुग्णांत काही आठवड्यांनी त्या जागी गाठ येते व दुसऱ्या प्रकारच्या रुग्णांत ती येत नाही. जंतू एकच, पण त्याला मिळणारा प्रतिसाद शरीरागणिक भिन्न, हे यावरून सूचित झाले. पुढे रिडली व जॉपलिंग यांनी १९६० नंतरच्या दशकात केलेल्या वर्गीकरणाने या दोन टोकांमधील सर्व अवस्था एका सलग पट्ट्यात मांडल्या. रोगप्रतिकारक्षमतेच्या चढउताराचा हा पट्टा होय.

तंत्रिकाविषयक संशोधन : खानोलकरांनी कुष्ठरोगाच्या अगदी प्रारंभीच्या चट्ट्यांकडे लक्ष वळविले. तोपर्यंतचे बहुतेक वर्णन पूर्ण विकसित रोगाचे होते आणि पूर्ण विकसित रोगावरून त्याचा आरंभ ओळखणे कठीण असते. प्रारंभीच्या चट्ट्यांतील ऊतकांचे पातळ छेद घेऊन व ते विशिष्ट रीतीने रंगवून त्यांनी त्वचेतील सूक्ष्म तंत्रिकाशाखांचे परीक्षण केले. या अभ्यासाचे निष्कर्ष भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने १९५१ मध्ये विशेष अहवालाच्या रूपाने प्रसिद्ध केले. त्वचेवरील बदल अत्यल्प असतानाही तंत्रिकांत जंतू अथवा शोथाच्या (दाहयुक्त सुजेच्या) खुणा आढळतात, असे त्यांनी दाखविले. रोग पुढे कोणताही प्रकार धारण करो, त्याचा प्रारंभिक संबंध तंत्रिकेशीच असतो, असे त्यांचे प्रतिपादन होते. जंतू त्वचेतील तंत्रिकांच्या उघड्या अग्रांतून आत शिरतात व अक्षदंडाच्या (तंत्रिका-कोशिकेपासून निघणाऱ्या लांब तंतूच्या) मार्गाने वर सरकतात, अशी उपपत्तीही त्यांनी मांडली. ब्रिटिश कुष्ठरोगतज्ञ रॉबर्ट कॉक्रेन यांनी संपादित केलेल्या प्रसिद्ध ग्रंथाच्या १९६४ च्या आवृत्तीत कुष्ठरोगाच्या विकृतिविज्ञानावरील प्रकरण खानोलकरांनी लिहिले.

या प्रतिपादनाचे दोन भाग वेगळे करून पाहावे लागतात. तंत्रिकेस दिलेले प्राधान्य पुढील संशोधनाने दृढ झाले. कुष्ठजंतूचा विशेष आश्रय म्हणजे तंत्रिकातंतूला वेढणारी श्वान कोशिका होय, हे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने स्पष्ट झाले. १९९७–९८ च्या सुमारास या कोशिकेच्या पृष्ठभागावरील ज्या प्रथिनांना जंतू चिकटतो त्यांचीही ओळख पटली. अक्षदंडातून वर सरकण्याची उपपत्ती मात्र सर्वमान्य झाली नाही. तंत्रिकेला रक्त पुरविणाऱ्या सूक्ष्म वाहिन्यांवाटे जंतू आत शिरतात, या मताला नंतरच्या काळात अधिक पुष्टी मिळाली. कुष्ठरोग होऊ शकणाऱ्या आर्माडिलो या प्राण्यावरील अभ्यास यास कारणीभूत ठरला.

शोथ आणि तंत्रिकाहानी : कुष्ठजंतू स्वतः तीव्र विष निर्माण करीत नाही. लेप्रोमॅटस रुग्णाच्या तंत्रिकेत असंख्य जंतू असूनही तिचे कार्य काही काळ बऱ्यापैकी टिकून राहू शकते. उलट ट्यूबरक्युलॉइड रुग्णात जंतू जवळजवळ नसतानाही तंत्रिका अल्पावधीत निकामी होते. याचे कारण प्रतिक्षम (रोगप्रतिकारक) प्रतिसादात आहे. ट्यूबरक्युलॉइड प्रकारात लसीका कोशिका व भक्षिकोशिका जंतूभोवती दाट गोळा होऊन कणार्बुद (शोथजन्य गाठ) बनते. जंतू नष्ट होतात, पण तंत्रिकेच्या अरुंद आवरणात होणाऱ्या या सुजेच्या दाबाने व कोशिकांच्या माऱ्याने तंत्रिकाही नष्ट होते. लेप्रोमॅटस प्रकारात कोशिकाजन्य प्रतिसाद जवळजवळ लोपलेला असतो. रक्तात प्रतिपिंडे विपुल असतात, परंतु कोशिकांच्या आत राहणाऱ्या जंतूवर त्यांचा उपयोग होत नाही.

रोगाच्या ओघात, उपचार चालू असताना किंवा त्यानंतरही, अचानक उद्भवणाऱ्या ‘प्रतिक्रिया’ हा याच विषयाचा भाग होय. पहिल्या प्रकारच्या प्रतिक्रियेत रुग्णाची कोशिकाजन्य प्रतिकारक्षमता एकाएकी वाढते, जुने चट्टे लाल होऊन सुजतात व तंत्रिका दुखू लागते. योग्य उपचार वेळेवर न झाल्यास काही दिवसांत हाताची बोटे वाकणे, पाऊल लुळे पडणे अथवा पापणी न मिटणे असे परिणाम होतात. दुसऱ्या प्रकारच्या प्रतिक्रियेत ताप येतो व त्वचेखाली दुखऱ्या लाल गाठी उठतात. डोळे, सांधे व वृक्क (मूत्रपिंड) यांनाही शोथ होऊ शकतो. या अवस्थांवर जंतुनाशक औषधांबरोबर शोथरोधी उपचार करावे लागतात. त्यांसाठी प्रेडनिसोलोन वापरतात. १९६५ मध्ये इझ्राएलमधील वैद्य याकोब शेस्किन यांनी थॅलिडोमाइड या औषधाचा दुसऱ्या प्रकारच्या प्रतिक्रियेवरील गुण दाखविला. गर्भाला अत्यंत घातक असल्यामुळे त्याचा वापर कडक निर्बंधाखाली करावा लागतो. जंतू मेल्यावरही रुग्णाचे हातपाय का वाचत नाहीत, या प्रश्नाचे उत्तर तंत्रिकेतील शोथात आहे. म्हणूनच रोगाचा माग तंत्रिकेपर्यंत नेणाऱ्या खानोलकरांच्या अभ्यासाचे महत्त्व केवळ शास्त्रीय राहत नाही.

आयसीआरसी जंतू : भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात कुष्ठरोगावरही काम चालावे, ही खानोलकरांची भूमिका होती. केंद्राच्या नावात नसलेल्या रोगाला तेथे स्थान मिळाले ते यामुळेच. केंद्रातील ऊतक संवर्धनाची (शरीराबाहेर कोशिका वाढविण्याची) प्रयोगशाळा कमल रणदिवे (८ नोव्हेंबर १९१७ – २००१) यांनी उभारली. पुणे येथे जन्मलेल्या रणदिवे यांनी खानोलकरांच्या मार्गदर्शनाखाली संशोधन केले व अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जॉर्ज गाय यांच्याकडे ऊतक संवर्धनाचे तंत्र आत्मसात केले. लेप्रोमॅटस रुग्णांच्या गाठींतून घेतलेले द्रव्य मानवी गर्भाच्या मेरुरज्जूलगतच्या गुच्छिकांतील कोशिकांच्या संवर्धनात वाढविण्याचे प्रयोग तेथे झाले. कुष्ठजंतूची तंत्रिकेकडील ओढ लक्षात घेता ही निवड तर्कसंगत होती. १९५८ मध्ये या प्रयोगांतून आम्लस्थायी (एकदा रंगविल्यावर अम्लाने रंग न सोडणारे) जंतू वाढविण्यात यश आले. केंद्राच्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून त्यांना ‘आयसीआरसी जंतू’ असे नाव पडले.

हा कुष्ठजंतूच आहे, असे सिद्ध झाले असते तर जगभर ८० वर्षांहून अधिक काळ फसलेला प्रयत्न मुंबईत यशस्वी झाला असे म्हणता आले असते. तसे घडले नाही. हे जंतू मायकोबॅक्टिरियम एव्हियम–इंट्रासेल्युलेअर या निकटच्या गटातील आहेत, असे वर्गीकरणविषयक परीक्षणांतून दिसून आले. खऱ्या कुष्ठजंतूची वाढ करण्याचे मार्ग अन्यत्र सापडले. १९६० मध्ये अमेरिकन संशोधक चार्ल्स शेपर्ड यांनी उंदराच्या तळपायात व १९७१ मध्ये कर्खायमर आणि स्टॉर्स यांनी आर्माडिलोत तो वाढविला. कृत्रिम माध्यमात तो अद्यापही वाढविता आलेला नाही. २००१ मध्ये त्याच्या संपूर्ण जनुकसंचाची मांडणी प्रसिद्ध झाली, तेव्हा त्यातील अर्ध्याहूनही कमी भाग कार्यक्षम जनुकांचा असल्याचे आढळले. स्वतंत्रपणे जगण्यास लागणारी अनेक जनुके या जंतूने उत्क्रांतीच्या ओघात गमावली आहेत. परळच्या प्रयोगशाळेपुढील अडचण अशी जंतूच्या घडणीतच होती.

लस : आयसीआरसी जंतू कुष्ठजंतू नसला, तरी त्याचे काही प्रतिजन (प्रतिक्षम प्रतिसाद जागृत करणारे घटक) कुष्ठजंतूच्या प्रतिजनांशी जुळतात. देवीच्या लशीप्रमाणे एका जंतूच्या नातलगाकडून दुसऱ्याविरुद्ध संरक्षण मिळविण्याची शक्यता त्यामुळे निर्माण झाली. चिं. वि. बापट, माधव गजानन देव व त्यांचे सहकारी यांनी सी-४४ या वाणाचे जंतू गॅमा किरणांनी मारून लस तयार केली. १९८० नंतरच्या दशकाच्या आरंभी प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत ती रुग्णांना व निरोगी स्वयंसेवकांना टोचण्यात आली. लेप्रोमीनला प्रतिसाद न देणाऱ्या काही लेप्रोमॅटस रुग्णांत लशीनंतर तो दिसू लागला. काही रुग्णांत पहिल्या प्रकारची प्रतिक्रियाही उद्भवली. निद्रिस्त प्रतिकारक्षमता जागी करता येते, परंतु तिच्या जागृतीबरोबर शोथही येऊ शकतो, हा कुष्ठरोगातील मूळ पेच येथेही प्रत्ययास आला.

लशीची निर्णायक परीक्षा दक्षिण भारतात झाली. मोहन द. गुप्ते यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये तमिळनाडूत सुरू झालेल्या या चाचणीत १,७१,४०० स्वयंसेवकांनी भाग घेतला. बीसीजी, बीसीजी व मृत कुष्ठजंतू यांचे मिश्रण, दिल्लीत गु. प्र. तलवार यांनी विकसित केलेली एमडब्ल्यू लस आणि आयसीआरसी लस यांची तुलना लवणजल टोचलेल्या गटाशी करण्यात आली. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार आयसीआरसी लशीने ६५·५ टक्के, मिश्रणाने ६४ टक्के, केवळ बीसीजीने ३४·१ टक्के व एमडब्ल्यूने २५·७ टक्के संरक्षण दिले. कुष्ठजंतू म्हणून जो दावा टिकला नाही, त्याच जंतूची लस या तुलनेत सर्वांत वरच्या दोन लशींमध्ये ठरली.

तथापि तोपर्यंत परिस्थिती पालटली होती. जागतिक आरोग्य संघटनेने १९८१ मध्ये शिफारस केलेली बहुऔषधी उपचारपद्धती भारतभर पोहोचली होती. १९८१ मध्ये देशात दर १०,००० लोकसंख्येमागे ५७·६ रुग्ण असल्याचा अंदाज होता. डिसेंबर २००५ मध्ये हे प्रमाण एकाहून कमी झाले. रोग विरळ होत गेला तशी प्रत्येकास टोचावयाच्या लशीची निकड कमी वाटू लागली आणि आयसीआरसी लशीचा राष्ट्रीय कार्यक्रमात नियमित वापर झाला नाही. रोगाचे संक्रमण मात्र थांबलेले नाही. भारतात दरवर्षी नव्या रुग्णांची नोंद होते व त्यांत मुलेही असतात. म्हणून लशीचा प्रश्न मिटला असे म्हणता येत नाही.

मान-सन्मान व मूल्यमापन : खानोलकरांना भारत सरकारने पद्मभूषण हा किताब दिला व वैद्यकाचे राष्ट्रीय संशोधन प्राध्यापक म्हणून त्यांची नियुक्ती केली. भारतीय विकृतिवैज्ञानिकांच्या संघटनेचे ते पहिले अध्यक्ष होते. आंतरराष्ट्रीय कर्करोगविरोधी संघाचे अध्यक्षपद त्यांनी भूषविले. अणुकिरणांच्या परिणामांचा अभ्यास करणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या वैज्ञानिक समितीत त्यांनी भारताचे प्रतिनिधित्व केले. १९६०–६३ या काळात ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू होते.

प्रतिरक्षाविज्ञान ही स्वतंत्र शाखा म्हणून भारतात रुजण्यापूर्वीच्या पिढीचे ते संशोधक होते. कोशिकाजन्य प्रतिसादाची आजची परिभाषा त्यांच्या लेखनात आढळणे शक्य नाही. परंतु जंतूबरोबरच त्याला आश्रय देणाऱ्या ऊतकाचाही अभ्यास केला पाहिजे, हा त्यांचा दृष्टिकोन पुढील प्रतिरक्षावैज्ञानिक संशोधनाची पायाभरणी ठरला. त्याचा व्यावहारिक उपयोग प्रयोगशाळांपासून दूर अधिक दिसतो. मराठवाड्यातील धाराशिव (पूर्वीचा उस्मानाबाद) जिल्ह्यासारख्या ग्रामीण भागात प्राथमिक आरोग्य केंद्राच्या कार्यकर्त्याजवळ सूक्ष्मदर्शक नसतो. चट्ट्यावरील स्पर्शज्ञान गेले आहे काय आणि कोपराजवळची वा गुडघ्याच्या बाजूची तंत्रिका जाड अथवा दुखरी झाली आहे काय, एवढेच तो हातांनी पाहतो व त्यावरून निदान करू शकतो. तंत्रिकेची ही तपासणी वेळेवर झाल्यास रुग्णाचे हातपाय व डोळे वाचतात. एकदा आलेली विकृती मात्र जंतुनाशक औषधाने दूर होत नाही, आणि समाजाने रुग्णाला दूर लोटले ते बहुधा या विकृतीकडे पाहूनच. रुग्णांना सक्तीने वेगळे ठेवण्याची तरतूद असलेला १८९८ चा कायदा भारतात २०१६ मध्ये रद्द झाला. कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण मानणाऱ्या वैयक्तिक कायद्यांतील तरतुदी २०१९ मध्ये वगळण्यात आल्या.